मायीपार : य की ळ

६ जानेवारी, सोमवार

गाडी पुन्हा उशिरा. मूर्तिजापूरला उतरून कॉलेजात पोचले तोवर पहिला तास गेलेला. अकरावीच्या निबंधाच्या वह्या परत केल्या. विषय 'माझी आई'. निम्म्या वर्गाने 'आईची माळा' लिहिलंय. माया म्हणायचं होतं. एकाने 'आई सकाळी गाळीचे दूध तापवते'. ही मुलं घरी ळ बोलतच नाहीत, सगळीकडे य. डोया, शाया, केयी, हयद. शाळेत आल्यापासून कुणीतरी मानेवर बसून त्या य चा ळ करून घेतलेला. मग जिथे मुळातच य आहे तिथेही भीतीने ळ. पहिल्या काही वह्यांना हसू आलं. ढीग अर्धा झाला तेव्हा हसूही गेलं.

दुपारी पेपरातल्या माझ्या रविवारच्या रकान्यासाठी तेल्हाऱ्याहून एका गृहस्थांचा फोन. त्यांच्या मते गावाचं नाव कुण्या ऋषीवरून पडलं. पुरावा विचारला. "माझे आजोबा सांगत." आजोबांना कुणी सांगितलं? "त्यायच्या आजोबानं." गावांच्या नावांवर लिहायला लागल्यापासून एक कळलं. प्रत्येकाला ऋषी हवा, नाहीतर राजा. बाभूळगावच्या माणसालाही बाभूळ नको असते.

रकाना बंद करावा. हे दर जानेवारीत लिहिते.

९ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी गजूभाऊ घरी. आमच्या जुने शहर भागातले माजी नगरसेवक, आता मायीपाराच्या समितीचे अध्यक्ष. समिती कधी झाली विचारलं तर म्हणाले, "आताच झाली समजा." चहा दोनदा घेतला. निंबाच्या झाडाभोवतीच्या त्या दगडी पाराला फरशी, सभोवती स्टीलची जाळी, पुढे कमान. कमानीवर 'श्री माईपार देवस्थान'. जागा मनपाची, खर्च समितीचा.

"आन् खाली संगमरवरावर दोन ओळी पायजे मॅडम. नावाचा इतिहास. तुमचं नावबी टाकतो."

"आणि पारावर बसणाऱ्या भाजीवाल्या?"

"त्यायले नदीपलीकडे नवीन ओटे भेटून रायले ना."

"तिकडे गिऱ्हाईक जातं का?"

"जाईन ना हयूहयू." मग जरा पुढे वाकून, "मॅडम, देवाच्या जागी मेथीचे देठं पडते, बरं दिसते का?"

सुधीर आतून ऐकत होता. माझ्या या नवऱ्याचं मेडिकल पाराच्या अगदी समोर, टोपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत येतात. गजूभाऊ गेल्यावर म्हणाला, "मी काही बोलत नाही." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१० जानेवारी, शुक्रवार

नीट मांडून ठेवते, नाहीतर डोक्यात गुंता.

लोक बोलतात 'मायीपार'. आता ही मायी म्हणजे माई, म्हणजे निंबाखालची शेंदूर लावलेली देवी. किंवा मायी म्हणजे माळी, कारण इकडे माळी म्हणायचं असलं तरी तोंडातून मायीच येतं. नदीकाठच्या मळ्यांतली माळी मंडळी भाजी घेऊन इथे बसत असतील, तर माळ्यांचा तो माळीपार. दोन्ही सरळ, दोन्ही बसतात.

देवी असेल तर जाळी आणि कमान, आणि भाजीवाल्यांनी उठायचं. माळी असेल तर पार मुळात त्यांच्याच बसण्याचा, आणि मग गजूभाऊंची कमान लटपटते. सगळं एका अक्षरावर.

जाताना पाट्या पाहिल्या. पाराच्या डाव्या अंगाला 'माळीपार सायकल स्टोअर्स', रंग उडालेली. उजव्या अंगाला 'माईपार पान सेंटर', नवी, दिव्यांची. समोर सुधीरचं दुकान. त्याच्या पाटीवर पत्ता आहे 'पाराजवळ'. मुलांचा बाप शहाणा.

पण 'माळीपार' लिहिणारा सायकलवाला तरी काय जाणत असेल? तोही शाळेत गेला असेल. तोही गाळीचं दूध पीत असेल.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी शोभाबाईंकडे. लग्न होऊन आले तेव्हापासून भाजी त्यांच्याकडूनच. सुरुवातीला त्यांची सासू बसायची त्याच जागी. भरताची वांगी घेतली. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शोभाबाई, याला मायीपार का म्हणतात हो?"

"म्हंजे?"

"नाव कशावरून पडलं?"

"मले काय मालूम वैनी. मी आली तवा नाव होतं." मग वांगं उलटून दाखवत, "हे पा, हिरव्या देठाचं घ्या. तिकडलं कावून घेता, बियाचं हाय."

देवीवरून की माळ्यांवरून, असं विचारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हा प्रश्न त्यांच्या बोलीत विचारताच येत नाही. मायीवरून की मायीवरून? त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईला काही झालं की काय अशा नजरेने.

पहिलं गिऱ्हाईक झालं की त्या कोथिंबिरीची एक काडी शेंदरी दगडापुढे ठेवतात. आज ती मी नीट पाहिली. पुरावा म्हणून पाहिली. त्याची लाज वाटली, पण पाहिलीच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कॉलेजला सुट्टी. वाण वाटून पाय भरून आलेत.

संध्याकाळी पारावर बायांची गर्दी, मीही हळदीकुंकू घेऊन गेले. शोभाबाई जागेवरून उठून समोर आल्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मेडिकलवाल्याची बायको देवी नाही असं लिहून देणार आहे.

"वैनी, मी तुमाले चांगल्या समजत होती."

"काय झालं?"

"तुमी आमच्या मायीची मायी करून रायल्या!"

बाया हसल्या. त्यांना वाटलं शोभाबाई रागात अडखळल्या. शोभाबाईंच्या जावेने, कांताबाईंनी, खालून टोला हाणला, "मंग काय, मायीची मावशी करीन का?" आणखी हशा. मला कळलं होतं. पहिली मायी देवी, दुसरी माळी. शोभाबाईंना दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या आणि जीभ एकच शब्द देत होती. संताप आणखी वाढला.

मी म्हटलं, मी अजून काहीच लिहिलेलं नाही. खरं होतं. पण मनात माझा कल कुठे झुकलाय ते मला माहीत होतं, म्हणून आवाजात तो खरेपणा आला नाही.

मी समजत होते की 'माळी' लिहिलं तर मी यांना वाचवतेय. आणि यांना वाटतंय मी त्यांची देवी हिसकावतेय.

तिळगूळ दिला. घेतला आणि टोपलीकडे वळल्या.

१५ जानेवारी

डोकं. गोळी. वह्या तशाच.

१९ जानेवारी, रविवार. अमरावती

बाबांकडे. जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले, बडनेरा कधी आलं कळलं नाही. बाबा ठीक. कान आणखी गेले. यंत्र लावत नाहीत, म्हणतात शिट्टी वाजते.

जेवताना विषय काढला. ओरडून सांगावं लागलं.

"मायीपार!"

"ळ म्हण, अलके, ळ!" लगेच. शेचाळिसाव्या वर्षी मला. शाळामास्तरकी सुटून इतका काळ झाला तरी य ऐकला की हात पट्टीकडे जातो. ऐकू येत नाही, य मात्र येतो.

मग कागदावर लिहून दाखवलं: माई की माळी? चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "व्याकरण बघ. माळ्याचा पार म्हणायचं असतं तर इकडे माय्याचा पार म्हणाले असते. मायीचा म्हटलं की बाई आली." मी लिहिलं: पण 'चा' नाहीच. नुसतं मायीपार. जसं माळीपुरा. यावर मान हलवली. "मग दोन्ही होतं."

"आणि पाटीवर माळीपार आहे, जुन्या," मी ओरडले.

"पाटीचं काय सांगतेस. मी हजारो पोरांचे य मारले. त्यातल्याच एखाद्याने रंगवली असेल पाटी." हसले. मग ताट बाजूला सारलं. "तुझी आई मरेपर्यंत य बोलली. तिला मी कधी टोकलं नाही. तुला टोकलं."

मला आठवतंय, टोकायचे तिलाही. निदान पाहुणे आले की. पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

निघताना त्यांनी अंबेचा प्रसाद दिला आणि विचारलं, रकान्यात अमरावतीबद्दल कधी लिहितेस. उंबरावरून उंबरावती, मग उमरावती म्हणणारे आहेत, अमर म्हणणारे आहेत. मी म्हटलं, बघू. कुठल्याही गावाबद्दल काही लिहायची आता ताकद नाही. ऐकू गेलं नाही त्यांना. "छान, छान," म्हणाले.

२२ जानेवारी, बुधवार

तोंडी परीक्षेचे गुण भरले. परतीच्या गाडीत मसुदे.

१. 'या पाराचे नाव माळी समाजाच्या येथील बाजारावरून पडले असावे.' 'असावे' संगमरवरावर कोरत नाहीत.

२. 'निंबाखालील माईच्या स्थानावरून हा पार माईपार म्हणून ओळखला जातो.' हे खोटं नाही. हे पूर्ण खरंही नाही.

३. खोडला.

स्वतःला विचारलं: माझा कल माळीकडे का? पुरावा त्या बाजूला जास्त आहे म्हणून? नाही, दोन्हीकडे सारखाच, म्हणजे नाहीच. मग? शोभाबाईंसाठी. बरं. पण त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. बाया उठल्या तर फायदा सुधीरच्या दुकानाचा. माझ्या घराचा फायदा होईल असं मी लिहीत नाही, हे लोकांना दिसावं असं मला वाटतंय का? वाटतंय. म्हणजे हाही एक फायदाच.

रात्रीच्या जेवणाला सुधीरला म्हटलं, तुझं काय मत. त्याने भाकरी मोडली. "पालकाच्या जुड्या ओलांडून बीपीच्या गोळ्या घ्यायला माणूस येत नाही, हे खरं. शोभाबाईला हाकल असं मी कधी म्हणालो नाही, हेही खरं."

"मग?"

"मग काय. मी तुला लिही म्हणत नाही, लिहू नको म्हणत नाही. नंतर मला मध्ये घेऊ नकोस."

हे बरोबर आहे. तरी राग आला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून परतताना पाराच्या चौकात फ्लेक्स. 'श्री माईपार देवस्थान, भव्य सुशोभीकरण'. गजूभाऊ हात जोडून, दोन्ही बाजूंना त्यांचीच माणसं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझा फोटो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला, तोंड अर्धं उघडं. 'इतिहास संशोधक प्रा. सौ. अलकाताई'. मी इतिहासाची नाही. संशोधक तर नाहीच. मराठी शिकवते.

गजूभाऊंना फोन केला. काढा म्हटलं.

"मॅडम, फ्लेक्सच तं हाय. पाऊसपानी आला का फाटते."

"जानेवारीत?"

"मंग उन्हाय्यात फाटते."

मी काहीच ठरवलेलं नाही, असं म्हटलं. ते म्हणाले, "तुमी ठरवू नोका, लोकायनं ठरवलं. तुमी फक्त शुद्ध करून द्या."

शुद्ध करून द्या. आयुष्यभर हेच काम. पाराजवळून घरी येताना पाहिलं तर कांताबाई फ्लेक्सखालीच टोपली मांडून बसलेल्या. माझ्या फोटोखाली. "वैनी, सावली चांगली देऊन रायल्या," म्हणाल्या. शोभाबाईंनी वर पाहिलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

शोभाबाई घरी आल्या. पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत भाजी घेऊन कधी पोचवायला आल्या तरी फाटकापर्यंत. आज व्हरांड्यात बसल्या, खुर्चीवर नाही, पायरीवर. मीही पायरीवर बसले. चहा नको म्हणाल्या, मग घेतला.

समितीच्या माणसांनी जागेवर खुणा मारल्या. पारापासून चुन्याची रेघ. त्यांची टोपली रेघेच्या आत.

"वैनी, तुमी लिहून द्या. माळी."

त्यांनी जोर लावून ळ म्हटला. जीभ मागे वळवून, एखादं परकं नाव घ्यावं तसा. पाठ करून आल्या होत्या.

"पण तुम्हीच म्हणालात ना, मी देवीला काढतेय म्हणून."

"म्हनलं. तवा रेघ नोती."

"आणि माई?"

"मायीले मी समजावतो. तिचं माझं मी पायतो. तिले मालूम हाय आमी कावून म्हनलं." मग, "तिले कोथिंबीर कोन देईन, हे जाळीवाले? हे तं हार आनते, पिलास्टिकचे."

मी म्हटलं, मला माहीत नाही ना शोभाबाई, खरं काय ते.

"मंग त्या गजूले मालूम हाय का?"

"नाही."

"तो तं म्हनून रायला."

मी पुन्हा तेच, की मी खोटं कसं लिहू. त्या म्हणाल्या, "खोटं कोनं सांगितलं? माळी बसते म्हना. मी बसली नाई का? माझी सासू बसली नोती का?" मी म्हटलं, बसता हे खरं, पण नाव त्यावरून पडलं हे... त्यांनी हात झटकला. "तुमचं तं लय बारीक हाय बाप्पा."

कप धुऊन ठेवायला निघाल्या. मी हातातून घेतला. फाटकाशी वळल्या. "तिकडे पलीकडे दुपारपर्यंत ऊन रायते. मेथी टिकत नाई. आन् मी तरी किती टिकून राईन."

हसल्या. मला हसता आलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

रकान्याचा मजकूर पाठवायची वेळ. मूर्तिजापूरवर लिहिलं. मुलांना विचारलं होतं, गावाचं नाव कशावरून? एकसुरात, मूर्तीवरून. मुर्तुजा या नावावरून असावं असं म्हणतात, सांगितलं तर मागच्या बाकावरून, "मॅडम, बोर्डावर तं मूर्ती लिवलं हाय." म्हटलं, मग इथल्या इंग्रजांच्या काळातल्या शकुंतला गाडीचं नाव कशावरून? "इंग्रजाची बायको असंल." वर्ग लोळला.

हसत हसत लिहिता येतं असं वाटलं. पण लिहिताना कळलं, 'असावं', 'म्हणतात', 'एक मत असं' हे सगळं मला परवडतं कारण त्या रकान्यामुळे कुणाला उठावं लागत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मनपाच्या झोन कार्यालयात पाराबद्दल बैठक झाली. अर्धी रजा टाकली. गजूभाऊ आणि समिती एका बाजूला, शोभाबाई, कांताबाई आणि आणखी काही जणी दाराशी. खुर्च्या होत्या, पण त्या उभ्याच. साहेब नवे, कोल्हापूरकडचे. बोलणं नम्र. मला आधी 'संशोधक मॅडम' म्हणाले, मी दुरुस्त केलं.

त्यांनी विचारलं, जागेचं नेमकं नाव काय धरायचं?

मी ठरवून गेले होते. म्हटलं, लोक मायीपार म्हणतात, तसंच लिहा. जसं बोलतात तसं.

"मायी म्हणजे?"

"म्हणजे माई असू शकतं. माळीही असू शकतं."

साहेब गोंधळले. त्यांच्या गावाकडे ळ चा य होत नाही. "म्हणजे माळी म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो," दाराशी शोभाबाई.

"नाई, माई, माई!" गजूभाऊ.

"मायीच म्हनून रायलो ना आमी बी," कांताबाई. समितीतला एक जण फसकन हसला. साहेबांना हे सगळं एकच ऐकू येत असणार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही भाषेच्या. एक शब्द सांगा."

सगळे माझ्याकडे. शोभाबाईंचे ओठ हलत होते, तो ळ जमवत असाव्यात.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. सांगता येणार नाही कुणालाच. पण या तिथे भाजी विकतात, यांच्या आधी यांची सासू विकत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते हवं तर लिहून देते."

"ते इतिहासात बसत नाही, मॅडम," साहेब म्हणाले. कुत्सित नाही, समजावून. "त्याचा वेगळा अर्ज लागेल. यांनी करायचा. द्या, आम्ही बघू. फक्त एक सांभाळा, अर्जात जागेचं जे नाव असेल त्याच नावाने फाइल उघडेल. पुढे तेच राहील."

बाहेर आल्यावर गजूभाऊ, "मॅडम, तुमी तं दोन्हीकडून गेल्या." बोलण्यात रागही नव्हता.

शोभाबाई जिना उतरू लागल्या. मी त्यांच्या मागे. पायऱ्या उतरताना त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, हे याआधी मला माहीत नव्हतं. बसलेल्याच पाहत आले.

मी खरं बोलले. हे लिहून दोनदा वाचलं. खरं बोलले यात शंका नाही. पण मी हे कुणासाठी बोलले? साहेबांसाठी नाही, त्यांना फाइल हवी. शोभाबाईंसाठी तर नाहीच. 'मला माहीत नाही' म्हणताना आतून हलकं वाटलं होतं. तेच आता खुपतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पाराजवळ हातगाडीवर जाळीचे पाइप आलेले. अजून खाली उतरवलेले नाहीत. चुन्याची रेघ पुसट झालीय, कुणी पाणी टाकलं कोण जाणे.

शोभाबाई नेहमीच्या जागी. मी उभी राहिले. मेथीच्या जुड्या लावत म्हणाल्या, "काय देऊ?"

"काही नको. अर्ज कोण लिहितंय?"

"कोन लिहीन? कांताचा पोरगा म्हनते मोबाइलवर करतो. त्याले अर्ज कुठं येते, त्याले रील येते."

"मी लिहिते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजूच्या टोपलीवर पाणी शिंपडलं. "पाइपवाले शनिवारी लावाले येनार हाय. उद्या सकायपर्यंत पायजे."

"देते."

"आन् वैनी." एका गिऱ्हाइकाला सुटे दिले. मग म्हणाल्या, "तुमाले जे वाटते ते लिवा. पन लिवा. तिथल्यावानी मालूम नाई, मालूम नाई नोको."

कॉलेजात दिवसभर हेच. गाडीत उभं राहून यावं लागलं. घरी आल्यावर पदर खोचूनच बसले. सुधीर दुकान बंद करून आला, कागद पाहिला, म्हणाला, "समोरच्या दुकानदाराची हरकत नाही असं हवं असेल तर सही करतो." मी म्हटलं, मध्ये घेऊ नको म्हणाला होतास. "हं," म्हणाला आणि सही करून हात धुवायला गेला.

अर्ज झाला. विषय: भाजीविक्रेत्या महिलांची बसण्याची जागा कायम ठेवण्याबाबत. कोण कुठे बसतं, कुणाची सासू आधी बसत होती, दुपारी सावली कुठे पडते, पलीकडे ऊन कसं राहतं. यात 'असावे' एकदाही नाही. सगळं पाहिलेलं. साधं, शुद्ध. बाबांनी लाल पेन लावलं नसतं.

नावात एक ळ घातला की शोभाबाई म्हणतात तसं होईल, आणि त्या ळ खाली माझ्या विद्यार्थ्यांच्या सगळ्या चुका. ई घातली की गजूभाऊंची फाइल. य ठेवला तर कारकून सकाळीच अर्ज परत करेल, मॅडम, शुद्धलेखन बघा म्हणून.

आत सुधीर जेवायला हाक मारतोय. दोनदा झाली.

बाकी सगळं लिहून झालंय. जागेच्या नावापुरती जागा सोडली आहे.